सात अक्षरं आणि एक डोकं

रात्रीचं जेवण झालं की आमच्या हॉस्टेलमध्ये मेसबाहेरच्या फळ्यासमोर गर्दी जमते. फळ्यावर मेनू नसतो (तो बघून कोण गर्दी करेल?). तिथे असतात सात इंग्रजी अक्षरं. एक मधोमध, सहा भोवती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी.

हा खेळ आम्ही शोधलेला नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'चं 'स्पेलिंग बी' ते हेच. लंडनच्या 'टाइम्स'मधल्या 'पॉलिगॉन' नावाच्या कोड्यावरून विल शॉर्ट्झ यांना ही कल्पना सुचली आणि फ्रँक लोंगो यांनी ते तयार केलं. २०१४ मध्ये ते साप्ताहिक पुरवणीत छापून येऊ लागलं आणि मे २०१८ पासून इंटरनेटवर रोज मिळू लागलं. आम्ही मात्र खडूवर भागवतो.

नियम सोपे आहेत. शब्द किमान चार अक्षरी हवा. मधलं अक्षर त्यात आलंच पाहिजे. एक अक्षर कितीही वेळा वापरा. विशेषनामं चालत नाहीत. चार अक्षरी शब्दाला १ गुण, त्यापुढे जितकी अक्षरं तितके गुण. सातही अक्षरं वापरणारा शब्द म्हणजे 'पॅनग्रॅम', त्याला ७ गुण जास्त! एकूण गुणांपैकी ७० टक्के मिळाले की तुम्ही 'जीनियस'. सगळेच शब्द सापडले तर 'क्वीन बी'. 'एस' हे अक्षर सहसा देत नाहीत, नाहीतर प्रत्येक शब्दाला शेपूट लावून जो तो जीनियस झाला असता.

आता एक उदाहरण घेऊ. मध्ये आर. भोवती ए, टी, आय, ओ, एन, जी.

तुम्ही म्हणाल, एकेक जुळणी करून बघू की! बघा हं. या सात अक्षरांच्या चार अक्षरी जुळण्या ७ × ७ × ७ × ७ म्हणजे २४०१. त्यातल्या आर नसलेल्या १२९६ वजा केल्या की उरल्या ११०५. पण आठ अक्षरी जुळण्या याच हिशेबाने ४० लाख ८५ हजार १८५ होतात. सबमिशन सोडून हे कोण करणार? म्हणून सुटी अक्षरं न बघता तुकडे बघायचे.

पहिला तुकडा शेवटाचा. आय-एन-जी दिसलं की ते बाजूला काढा आणि पुढे काय लागतं ते शोधा : रेटिंग, रोअरिंग, ट्रेनिंग. टी-आय-ओ-एन असेल तर रेशन, रोटेशन, नॅरेशन, इरिटेशन. दुसरा तुकडा सुरुवातीचा. टी-आर धरलं की ट्रेन, ट्रायो. जी-आर धरलं की ग्रेन, ग्रिट, ग्रोन. तिसरी गोष्ट, अक्षर पुन्हा वापरता येतं हे आपण हमखास विसरतो. रोटर, नॅरेटर हे शब्द त्यामुळेच निसटतात. आणि डोकं अडलं की अक्षरांच्या जागा बदलून पुन्हा मांडा. नजर एकाच क्रमाला चिकटलेली असते, ती सुटते.

आपल्या भाषांनीही इथे मदत होते बरं का. रोटी, रायता, राग, तंत्र हे शब्द इंग्रजी शब्दकोशांत कधीच जाऊन बसलेत. 'नान'सुद्धा आहे, पण त्यात आर नाही, म्हणून आज नान नाही!

आता खरी गोष्ट. गेल्या सेमिस्टरला मला हुशारी सुचली. मी प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजीची २६ अक्षरं म्हणजे २६ बिट्स. शब्दात जी अक्षरं आहेत ते बिट १, बाकीचे ०. मग दोनच तपासण्या : सात अक्षरांबाहेरचा एकही बिट १ नको आणि मधल्या अक्षराचा बिट १ हवाच. याहूनही झटपट करायचं तर शब्दकोश आधीच अक्षरगटांनुसार लावून ठेवा. मधलं अक्षर पक्कं, बाकी सहा असतील किंवा नसतील, म्हणजे २ चा सहावा घात, ६४ गट. फक्त तेवढेच बघायचे. एंटर दाबला की सगळे शब्द हजर.

मी ऐटीत अख्खी यादी फळ्यावर लिहिली. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर कोणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. मेसच्या मावशींनी विचारलं, "काय रे, भांडलात की काय?"

सगळ्यात वाईट वाटलं ते माझ्या रूममेटमुळे. तो बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारायची वेळ आली की मान खाली घालणारा. पण फळ्यासमोर तो बोलायचा, कारण इथे ना उच्चाराची परीक्षा ना व्याकरणाची. वरची सात अक्षरं लिहिली होती त्या रात्री सगळे 'रोटेटिंग' आणि 'रॅशनिंग' घेऊन खूश होतो. तो मागून हळूच म्हणाला, "इग्नोरंट." तिसरा पॅनग्रॅम! अर्थ अडाणी, पण त्या रात्री अडाणी आम्ही ठरलो होतो. यादी लागल्यावर तो म्हणाला, "आता काय, तुझं मशीन सांगेलच."

मी फळा पुसला. प्रोग्रॅम टाकून दिला नाही, पण त्याचं काम बदललं. आता तो फक्त एकूण किती शब्द आणि किती पॅनग्रॅम आहेत तेवढंच सांगतो. उत्तरं दुसऱ्या दिवशी नाश्त्याला. गर्दी परत आली, रेक्टर सरही येतात (राउंडच्या निमित्ताने, असं ते म्हणतात).

रविवारी आम्ही मराठी कोडं लावतो. इथे अडचण अशी, की आपलं 'अक्षर' म्हणजे व्यंजन आणि स्वर एकत्र. 'का' आणि 'कि' वेगळी धरली तर सात अक्षरांत शब्दच होईनात. म्हणून नियम केला : व्यंजनं ठरलेली, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरं मोकळी. क, म, ल, न, त, स आणि मध्ये र. नोकर, कारले, मास्तर, कलाकार, नमस्कार... पहिला शब्द कुठला निघाला सांगू? 'तक्रार'. मेसबाहेरच उभे होतो ना!

तुम्हाला किती सापडतात बघा. फळ्याखाली खडू ठेवलाय. प्रोग्रॅम मात्र खोलीतच ठेवून या.