झाडांची सोयरीक

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पूर्ण करतो. सध्याच्या वर्षांत तो उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आहे. गोंदिया जिल्ह्यात हे दिवस पळसाचे आणि मोहाचे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे रोजेदारांच्या घरी सहेरीची चूल पेटते, त्याच सुमारास मोहफूल वेचणारी माणसे टोपल्या घेऊन घराबाहेर पडतात. संध्याकाळी इफ्तारच्या ताटात पहिला मान असतो खजुराचा. खजूर वाळवंटातला, मोह आपल्या रानातला. पण दोघांची अडचण एकच. झाडाला पाय नाहीत, आणि वंश पुढे न्यायचा तर एका फुलातले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचले पाहिजेत. ही सोयरीक कोण जमवतो, यावर झाडाचे आणि त्या झाडावर जगणाऱ्या माणसांचे बरेच काही अवलंबून असते.

खजुरात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. फळ फक्त मादीला लागते. वारा थोडेफार पराग नेतो, पण तेवढ्याने बागेला भरपूर पीक येत नाही. म्हणून शेतकरी नराचा फुललेला तुरा कापतो, मादीच्या झाडावर चढतो आणि तिच्या फुलोऱ्यात तो बांधतो. एका नराचे पराग कित्येक माद्यांना पुरतात. ही रीत फार जुनी. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनमधील हम्मुराबीच्या कायद्यातही खजुराच्या बागेचे हे काम माळ्याकडे सोपवण्याबाबत कलम आहे. हदीसच्या ग्रंथांमध्ये मदिनेतला एक प्रसंग येतो. तिथले लोक खजुराचे असे परागीकरण करत होते. याने काही फायदा होत असेल असे वाटत नाही, असा विचार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बोलून दाखवला. लोकांनी ते काम थांबवले आणि पीक घटले. तेव्हा प्रेषितांनी स्पष्ट केले, की अशा दुनियादारीच्या कामांत ती करणाऱ्यांचीच जाण अधिक. रानात आणि शेतात राबणाऱ्याच्या अनुभवाला दिलेला हा मोठा मान आहे.

खजुराची चुलत बहीण गोंदियाच्या बांधांवरही उभी आहे. ती म्हणजे शिंदी. तिच्यातही नर-मादी वेगळे. ज्या तेंदूच्या पानांवर इथला विडी उद्योग उभा राहिला, त्या तेंदूचेही तसेच. काही झाडांना कधीच फळ येत नाही, कारण ती नर असतात. तेंदूने मात्र दुसरीही सोय ठेवली आहे. मुळातून फुटवे काढून तो पसरतो. पानांसाठी दरवर्षी छाटलेली झुडपे याच फुटव्यांवर जगतात. पण एका मुळाचे सगळे फुटवे एकाच लिंगाचे आणि एकाच रक्ताचे. फुले येऊ देणारी, वाढलेली तेंदूची झाडे रानात राहिली नाहीत, तर पाने मिळत राहतील, पण नव्या रक्ताची रोपे मिळणार नाहीत.

नवे रक्त एवढे महत्त्वाचे का? चार्ल्स डार्विनने या प्रश्नावर अकरा वर्षे प्रयोग केले आणि १८७६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच झाडाच्या परागांपासून झालेली रोपे आणि परक्या झाडाच्या परागांपासून झालेली रोपे त्याने शेजारी-शेजारी वाढवली. बहुतेक वेळा परक्या परागांची रोपे अधिक उंच आणि जोमदार निघाली. घरातल्या घरात सोयरीक होत राहिली की लपलेले दोष वर येतात. म्हणूनच अनेक झाडांनी स्वतःचे पराग टाळण्याच्या युक्त्या उत्क्रांतीच्या ओघात मिळवल्या आहेत.

पळस हे त्याचे डोळ्यांत भरणारे उदाहरण. पाने गळालेल्या झाडावर केशरी-लाल फुले येतात, ती मुख्यतः पाखरांसाठी. लाल रंग पाखरांना लांबून दिसतो आणि फुलात मध भरपूर असतो. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी पळसाचा बारकाईने अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. झाडावर अनेक जातींचे पक्षी येत होते. पण सोयरीक खऱ्या अर्थाने जमवत होते दोघेच, जांभळा सूर्यपक्षी आणि खार. बाकीचे पाहुणे बहुतेक मध पिऊन निघून जात. स्वतःचेच पराग पडले तर पळसाला शेंगा फार कमी धरतात. त्यामुळे एकाच झाडावर रेंगाळणारा पाहुणा पळसाच्या फारसा कामाचा नाही. इथून तिथे उडणारा हवा.

मोहाची तऱ्हा याहून वेगळी. त्याचा कारभार रात्रीचा. फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके लोंबतात. फूल उमलण्याआधीच त्यातले स्त्रीकेसर कळीतून बाहेर डोकावते आणि परक्या परागांची वाट पाहते. स्वतःचे पराग नंतर पिकतात. रात्री गोड वासावर फळखाऊ वटवाघळे येतात. पाकळ्यांची गरदार वाटी तोंडात धरून ओढताना त्यांच्या तोंडाला, केसांना पराग लागतात आणि तेच पुढच्या झाडावर जातात. वटवाघूळ एका रात्रीत कित्येक किलोमीटर हिंडते. शेतात एकटा उभा असलेला मोह आणि जंगलातला मोह यांची गाठ घालून देणारा असा मध्यस्थ दुसरा क्वचितच मिळेल.

पहाटे जे टपटप गळते, ते पूर्ण फूल नसते. ती पाकळ्यांची वाटी आणि तिला चिकटलेले पुंकेसर. स्त्रीकेसर आणि बीजकोश झाडावरच राहतात. त्यामुळे गळालेली मोहफुले वेचल्याने झाडाचे फळ हिरावले जात नाही. मोहाचे नाव अनेकदा दारूपुरतेच घेतले जाते, पण वाळवलेली फुले हा कितीतरी घरांचा खाऊ आणि हातातला पैसा आहे. पुढे पावसाळ्याच्या सुमारास येणारी टोळ, म्हणजे मोहाची फळे, तेलासाठी गोळा होतात. फुलांसाठी मोहाला कुणाची गरज नाही. टोळ मात्र सोयरीक जमली तरच धरते.

आणि गोंदियाचे मुख्य पीक धान? त्याने मध्यस्थच ठेवला नाही. धानाचे फूल दिवसा तास-दोन तास उघडते आणि त्याच वेळी त्याचेच पराग त्याच्याच स्त्रीकेसरावर पडतात. परके पराग पोहोचण्याचे प्रमाण सहसा शंभरात एकाहूनही कमी. याचा शेतकऱ्याला मोठा फायदा. चांगली लोंबी निवडून ठेवली की पुढच्या वर्षी तसेच धान उगवते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे पेरल्या आणि त्यातून ‘एचएमटी’ तांदूळ आला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांचे वाण आजही शेतात आहे. नजर दादाजींची होती, आणि धान स्वतःच्याच परागांवर वाढत असल्याने त्या नजरेने निवडलेले गुण टिकले.

पण ज्याला परके रक्त मिळत नाही, त्याच्यावर नवे संकट आले तर? १९७० च्या दशकात आशियात धानाची वाढ खुंटवणाऱ्या एका विषाणू रोगाने मोठे नुकसान केले. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. उपयोगी प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून आलेल्या एका जंगली भातात. त्याच्याशी संकर करून नवी वाणे तयार झाली. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांच्या कडेला उगवणारे देवधान हेही त्याच जंगली गोतावळ्यातले. त्याच्याकडे तण म्हणून पाहणे परवडणारे नाही. तलावाचा काठ बुजवला तर धानाचे माहेरच बुजते.

मोहाचे संकट अधिक जवळचे आहे. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून अनेक ठिकाणी मोहाखालचा पालापाचोळा जाळला जातो. आगीत बाळरोपे जातात आणि वारा असला की वणवा रानात शिरतो. टोळ तेलासाठी उचलली जाते. मोहाचे बी फार दिवस जिवंत राहत नाही, त्यामुळे संधी थोडीच असते. जुनी झाडे फुलत राहतात, म्हणून काही बिघडले आहे हे पटकन कळत नाही. मोहाखाली तरुण झाड किती दिसते, हे मोजले तर कळते.

वटवाघळांची स्थितीही बरी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली गेली. पण लोकांच्या मनातली यादी कायम आहे, आणि कोरोनाच्या काळात भीती आणखी वाढली. काळजी जरूर घ्यावी. निपाहसारखे विषाणू या वटवाघळांत आढळतात, तेव्हा पाखरांनी किंवा वटवाघळांनी कुरतडलेले फळ खाऊ नये. मात्र त्यासाठी वटवाघळे बसतात तो वड, पिंपळ किंवा चिंच तोडण्याचे कारण नाही. जागा मोडली की ती दुसरीकडे जातात आणि आजूबाजूच्या मोहांचा मध्यस्थ जातो.

उपाय अवघड नाहीत. पाला जाळण्याऐवजी झाडून घ्यावा, मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरावी. टोळ उचलताना थोडी तिथेच राहू द्यावी, शक्य तर पावसाच्या तोंडावर ताजे बी बांधावर पुरावे. तेंदूची काही झाडे न छाटता वाढू द्यावीत. खजुराच्या बागेत माणूस स्वतः शिडी लावून चढतो, कारण दुसरे कुणी ते काम पुरेसे करत नाही. गोंदियाच्या रानात ते काम करणारे अजून आहेत. सूर्यपक्षी, खार आणि वटवाघूळ मजुरी मागत नाहीत. त्यांना बसायला झाड आणि बीला रुजायला न जळालेली जमीन मिळाली, तर आज सहेरीच्या वेळी मोहाखाली जाणाऱ्यांच्या नातवंडांनाही वेचायला फुले उरतील.