वॉकिंग क्लब

वॉकिंग क्लब म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या ठिकाणाहून एकत्र पायी फिरण्यासाठी जमणाऱ्या, बहुधा एकाच परिसरात राहणाऱ्या लोकांचा गट होय. बोलीभाषेत त्यास ‘फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप’ किंवा ‘मॉर्निंग वॉक ग्रुप’ असेही म्हणतात. गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या गिरिभ्रमण संस्थांहून तो वेगळा असतो. येथे अंतर थोडे, वाट ओळखीची आणि चालणे आठवड्यातून अनेकदा असते. यात स्पर्धा नसते. सर्वांत हळू चालणारा सदस्य सहा महिन्यांनंतरही येत असेल, तर क्लब नीट चालला आहे असे समजावे.

पार्श्वभूमी

आरोग्यासाठी गटाने चालण्याच्या उपक्रमास सुसंघटित रूप इंग्लंडमध्ये मिळाले. ऑक्सफर्डशायरमधील सॉनिंग कॉमन या गावातील डॉक्टर विल्यम बर्ड यांनी १९९०च्या दशकात आपल्या रुग्णांसाठी स्वयंसेवकांच्या मदतीने लहान फेऱ्या सुरू केल्या. पुढे २००० साली त्यातून देशव्यापी कार्यक्रम उभा राहिला. या फेऱ्या विनामूल्य असत व प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांचे नेतृत्व करीत.

महाराष्ट्रात सकाळी बागेत, मैदानावर किंवा टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचे गट बहुतेक शहरांत आढळतात; मुंबईचे शिवाजी पार्क व पुण्यातील पर्वती ही त्याची परिचित उदाहरणे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील एका सार्वजनिक बागेत पाच जणांसह सुरू केलेला हास्य क्लबही सकाळच्या याच वर्दळीत वाढला.

आरोग्यविषयक आधार

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती साधारणपणे मध्यम समजतात. गप्पा मारत चालणाऱ्या गटास ही कसोटी आपोआप लागू होते. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत, असे याच सूचना सांगतात. नुसते चालणे त्यांना पुरेसे नाही.

रोज १०,००० पावलांचा आकडा मात्र वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५च्या सुमारास विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या वृद्ध स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्युदर कमी आढळला, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर तो आणखी घटत नव्हता. नव्या सदस्यास पहिल्याच दिवशी मोठा आकडा सांगून घाबरवण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

गटाने चालण्यावरील ४२ अभ्यासांचा (एकूण १,८४३ सहभागी) एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाब, विश्रांतीच्या वेळची नाडीगती, शरीरातील चरबी आणि नैराश्य यांत सुधारणा दिसून आली.

स्थापना

सुरुवातीस दोन-तीन माणसे पुरतात. वेळ मात्र पक्की हवी. कोण येणार हे रोज विचारण्याऐवजी ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वासहाला देवळासमोर’ असे एकदाच ठरवणे अधिक टिकते. वेळेच्या निवडीतच कोण येऊ शकणार नाही हेही ठरून जाते. पहाटेची वेळ निवृत्त पुरुषांना सोयीची असते. नळाला पाणी येण्याची आणि मुलांच्या डब्यांची तीच वेळ असल्याने अनेक स्त्रिया त्यातून वगळल्या जातात. अशा ठिकाणी संध्याकाळचा दुसरा गट उपयोगी पडतो.

वाट निवडताना ती त्याच वेळी आधी चालून पाहावी. दिवे, भटकी कुत्री, बसायला बाक आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह या गोष्टी दुपारी पाहून कळत नाहीत. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे. विदर्भातील उन्हाळ्यात वेळ पुढेमागे करावी लागते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या व निसरड्या टेकड्या टाळाव्या लागतात.

वेगाचा प्रश्न

बहुतेक गट वेगावरून मोडतात. जलद चालणारे पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबतात आणि मागचे पोहोचताच पुन्हा निघतात. परिणामी ज्यांना दमाची गरज नाही त्यांना विश्रांती मिळते, आणि जे दमलेले असतात त्यांना ती मिळत नाही. मागे पडणारा तक्रार करत नाही; तो यायचा थांबतो.

यावर सोपा उपाय म्हणजे अंतराऐवजी वेळ मोजणे. सर्वांनी सरळ वाटेने २० मिनिटे आपापल्या गतीने जायचे आणि शिट्टी किंवा गजर होताच जिथे असतील तिथून परत फिरायचे. ताशी ६ किलोमीटर चालणारा तोवर २ किलोमीटर गेलेला असतो, ताशी ३ किलोमीटर चालणारा १ किलोमीटर. गती कायम ठेवल्यास दोघेही ४० व्या मिनिटाला मूळ जागी पोहोचतात. एकत्रच चालायचे असल्यास एक जण पुढे व एक जण अखेरीस ठेवतात. अखेरच्याच्या मागे कोणीही राहू नये एवढेच त्याचे काम. हे काम पाळीपाळीने, विशेषतः जलद चालणाऱ्यांकडे दिल्यास त्यांनाही मागची अडचण कळते.

सुरक्षितता

हृदयविकार, मधुमेह, गुडघेदुखी किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी आरंभी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दुखल्यास किंवा अनपेक्षित धाप लागल्यास तेथेच थांबावे व महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालण्याने उतरू शकते, म्हणून गटात कोणाच्या तरी खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. प्रत्येक सदस्याच्या घरचा दूरध्वनी क्रमांक किमान दोघांकडे असणे इष्ट.

संघटन

अशा गटास नोंदणीची सक्ती नाही. पैसे गोळा करणे, बँक खाते उघडणे किंवा महापालिकेकडे बाकांची मागणी संस्था म्हणून करणे असा प्रसंग आला, तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांनी नोंदणी करता येते. बहुतेक गट तेथवर जात नाहीत. त्यांचा सामायिक खर्च फिरून झाल्यावरच्या चहापुरता असतो, आणि न आलेल्याची चौकशीही बहुधा त्याच चहावर होते. मोबाइलवरील गट वेळ व वाट कळवण्यापुरता ठेवल्यास महत्त्वाची सूचना शुभेच्छांच्या चित्रांखाली दबत नाही. सदस्य वीस-पंचवीसच्या वर गेल्यास पदपथ अडतो. तेव्हा गती किंवा वेळ पाहून गटाचे दोन भाग केले जातात.