छेचाळिसांचा हिशेब

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती? आईबापांचा वारसा वाहून नेणाऱ्या या सूक्ष्म धाग्यांची संख्या १९५५ सालची क्रमिक पुस्तके बेधडक सांगत : अठ्ठेचाळीस! अमेरिकेत थिओफिलस पेंटर यांनी १९२३ साली दिलेला हा आकडा सर्वांच्या डोक्यात पक्का बसला होता. १९५२ साली टी. सी. श्यू यांनी पेशी फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती काढली. पण गंमत अशी, की त्यांनीही मोजली ती ४८च! अखेर स्वीडनमधील लुंड येथे जो हिन चिओ यांना ४६ दिसली, आणि १९५६ साली अल्बर्ट लेव्हान यांच्यासह त्यांनी तसे प्रसिद्ध केले.

तेव्हा वाचकहो, हे वाचन शिकवणाऱ्याची खरी झुंज विद्यार्थ्याच्या खात्रीशी असते!

धडा तसा पोरखेळासारखा. विद्यार्थ्यापुढे एका पेशीचे छायाचित्र, कात्री आणि गोंद ठेवायचा. एकेक गुणसूत्र कापायचे. लांबी, कंबरेची जागा आणि अंगावरचे पट्टे पाहून जोड्या लावायच्या. बावीस जोड्या, शिवाय स्त्रीचे दोन एक्स किंवा पुरुषाचे एक्स-वाय. आता कापाकापी संगणक करतो. पारख मात्र डोळ्यांनाच करावी लागते.

एकविसावे गुणसूत्र तीनदा आले, तर तो डाऊन सिंड्रोम. पॅरिसच्या मार्थ गोतिए, झेरोम लेजन आणि रेमाँ तुर्पँ यांनी १९५९ साली हे दाखवले. पण नुसती मोजणी फसवते. ४५ गुणसूत्रांचा माणूस धडधाकट असू शकतो. कारण त्याचे एकविसावे हरवलेले नसते, चौदाव्याला चिकटलेले असते. उलट त्याच्या मुलात मोजणी ४६ भरूनही एकविसाव्याचा ऐवज तिप्पट असू शकतो! पुढच्या अपत्याविषयी त्या घराला काय सांगायचे, ते या एका जोडावर ठरते.

आपल्याकडे असे मूल जन्मले, की आईच्या ग्रहण पाहण्यावर बोट ठेवणारे अजून भेटतात. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते हे खरे. पण बहुतेक वेळा बीज तयार होताना एक जोडी सुटायची राहिलेली असते. त्यात कोणाच्या वागण्याचा दोष नाही. एका पेशीवर निकाल देत नाहीत. साधारणतः वीस पेशी तपासायच्या, आणि शंका आली तर आणखी!