व्हीपीएनचा कोड खुला असला की ते सुरक्षित असतं का? समजून घ्या वायरगार्डच्या उदाहरणातून

घरून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करायचं असो किंवा रेल्वे स्टेशनवरचं मोफत वायफाय वापरायचं असो, अनेकजण आधी व्हीपीएन सुरू करतात. व्हीपीएन तुमचा मोबाईल किंवा लॅपटॉप आणि दूरचा एक सर्व्हर यांच्यात एन्क्रिप्टेड बोगदा तयार करतं. मधल्या कुणालाही त्यातली माहिती वाचता येत नाही. पण बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या व्हीपीएन कंपनीला मात्र तुम्ही कुठल्या वेबसाईटशी जोडले गेलात हे दिसू शकतं.

म्हणजे प्रश्न उरतो विश्वासाचाच. इथेच ओपन सोर्स व्हीपीएनचा मुद्दा येतो.

ओपन सोर्समुळे काय फरक पडतो?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, तपासता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. २००१मध्ये आलेलं ओपनव्हीपीएन हे याचं जुनं उदाहरण. पण कोड खूप मोठा असेल, तर तो खुला असूनही पूर्ण वाचणार कोण?

जेसन डोनेनफेल्ड यांनी तयार केलेल्या वायरगार्डने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. लिनक्ससाठीचा त्याचा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा होता. एकटा तज्ज्ञही तो वाचून काढू शकेल, हा त्यामागचा विचार. मार्च २०२०मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत वायरगार्डचा समावेश झाला.

मग बाकीची टूल्स कशासाठी?

वायरगार्ड फक्त बोगदा बांधतं. कुणाला आत घ्यायचं, चाव्या कशा वाटायच्या, हे ते ठरवत नाही. त्यासाठी इतर डेव्हलपर्सनी त्याभोवती टूल्स तयार केली.

लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये वायरगार्डची सोय आली. मोबाईल ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून जोडणी करता येते. अनेक उपकरणं एकमेकांना जोडणारी टेलस्केल ही सेवा वायरगार्डवरच चालते. तिच्या क्लायंटचा मुख्य कोड खुला आहे, पण उपकरणांची ओळख आणि चाव्या सांभाळणारा कंपनीचा सर्व्हर खुला नाही. म्हणून काही डेव्हलपर्सनी हेडस्केल नावाचा खुला पर्याय लिहिला. तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो.

धोका कुठे असतो?

मूळ कोड चांगला असला तरी तो दुसऱ्या सिस्टिममध्ये बसवताना चुका होऊ शकतात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत तसंच झालं.

फ्रीबीएसडीसाठी वायरगार्ड नव्याने लिहिलं गेलं आणि तो कोड १३.० आवृत्तीत जाणार होता. मार्च २०२१मध्ये डोनेनफेल्ड यांनी तो वाचला, तेव्हा त्यात गंभीर दोष आढळले. काही फंक्शन्सचं काम पडताळणी करण्याचं होतं, पण ती काहीही न तपासता 'बरोबर' असं उत्तर देत होती. डोनेनफेल्ड आणि आणखी दोन डेव्हलपर्सनी सुमारे आठवडाभरात तो कोड जवळपास नव्याने लिहिला. तरीही घाई नको म्हणून १३.० आवृत्ती वायरगार्डशिवायच आली. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये ते आलं २०२३च्या १३.२ आवृत्तीत.

तो सदोष कोडही खुलाच होता. पण जाणकार माणसाने तो वाचेपर्यंत दोष तसेच राहिले. कोड खुला असला की तपासणीची संधी मिळते, तपासणी आपोआप होत नाही.

भारतातल्या वापरकर्त्यांसाठी याचा अर्थ काय?

एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी ॲड्रेस अशी माहिती किमान पाच वर्षं जपून ठेवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर हटवले.

ॲपचा कोड खुला असला, तरी कंपनी सर्व्हरवर कोणती माहिती साठवते हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे व्हीपीएन निवडताना तीन गोष्टी पाहायला हव्यात. कोड खुला आहे का, त्याची स्वतंत्र तपासणी झाली आहे का आणि सर्व्हर कुणाच्या ताब्यात आहे?

वायरगार्डसारख्या टूल्समुळे स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर उभारणं सोपं झालं आहे. पण मग तो अपडेट ठेवण्याची आणि चाव्या सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच असते.