जुन्या लष्करी ट्रकच्या केबिनमधील एक्झॉस्टचा आवाज कसा कमी होतो?

अमेरिकी सैन्याचा ‘एम ३५’ हा अडीच टनी मालट्रक १९५० च्या सुमारास आकाराला आला. व्हिएतनामच्या युद्धात त्याचा सर्रास वापर झाला आणि सेवेतून काढलेले असंख्य ट्रक पुढे लिलावाद्वारे त्या देशातील शेतकरी आणि हौशी संग्राहकांच्या हाती आले. दणकट बांधणी व बहुइंधनी इंजिन यांसाठी तो नावाजला जातो. केबिनमधील आवाजाबद्दल मात्र त्याची ख्याती वेगळी आहे.

भारतीय सैन्याचा ‘शक्तिमान’ ट्रक जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूर येथे तयार होत असे. ‘एम ३५’च्या बहुइंधनी इंजिनातील ज्वलनपद्धतीचे मूळही याच कंपनीच्या संशोधनात आहे. एक्झॉस्टच्या रचनेत मात्र अमेरिकी ट्रक वेगळा पडतो. त्याच्या ‘ए २’ मालिकेत एक्झॉस्टची नळी उजव्या बाजूने, सहप्रवाशाच्या दाराशेजारून उभी वर जाते. टर्बो बसविलेल्या अनेक ट्रकांना स्वतंत्र सायलेन्सर नसतो. वायूचा काही जोर टर्बोच्या चक्रातच खर्ची पडतो, तेवढाच काय तो दिलासा. केबिनचे छप्पर बहुधा ताडपत्रीचे आणि दारे पातळ पत्र्याची असतात.

कानांच्या दृष्टीने हा प्रश्न गंभीर आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच सहन करावा. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलची मर्यादा अवघी १५ मिनिटे ठरते. कानातील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

अशा ट्रकचे मालक प्रथम केबिनच्या आतून स्पंजाचे अस्तर लावतात आणि बहुतेकदा निराश होतात. निराशेचे कारण भौतिकशास्त्रात आहे. सहा सिलिंडरचे चारठोकी इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चालत असताना सेकंदाला १०० स्फोट होतात. म्हणजे एक्झॉस्टचा मूळ सूर १०० हर्ट्झचा असतो. हवेत त्याची लहर सुमारे ३.४ मीटर लांबीची असते. अडीच सेंटिमीटरचा स्पंज अशा लहरीला जवळजवळ अडवत नाही. पत्र्याची खणखण आणि टर्बोची शीळ यांसारखे उंच सूर तो शोषतो, घुमणारा खर्ज तसाच राहतो. खर्ज अडविण्यासाठी वजनदार आवरण लागते, किंवा तो उगमापाशीच शमवावा लागतो. दुसरा मार्ग अधिक फलदायी आहे.

म्हणून पहिली तपासणी गळतीची. मॅनिफोल्डचे जुने गॅस्केट, तडकलेली नळी किंवा सैल पट्टा यांतून फटफट असा तीक्ष्ण आवाज येतो. सांध्याजवळ काजळीचे काळे पट्टे दिसल्यास शंका पक्की समजावी. इंजिन बंद व थंड असताना नळीच्या तोंडातून हलक्या दाबाने हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. या कामात हयगय नको, कारण गळतीतून केवळ आवाज येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायूही केबिनमध्ये शिरू शकतो. डिझेलच्या धुरात त्याचे प्रमाण पेट्रोलपेक्षा कमी असले तरी ते शून्य नसते. एक सावधगिरी आणखी: त्या काळातील गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडे खरवडू किंवा घासू नये.

गळती नसेल तर सायलेन्सर बसविण्याचा विचार करता येतो. मात्र आकाराने लहान सायलेन्सर वायूची वाट अडवितो, टर्बोवर उलटा दाब येतो आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. त्यामुळे इंजिनाच्या क्षमतेला साजेसा, मोठ्या पोटाचा सायलेन्सर निवडावा लागतो. नळी चासीला थेट न जखडता उष्णता सोसणाऱ्या रबरी टेकूंवर टांगल्यास थरथर केबिनपर्यंत कमी पोहोचते.

नळीचे तोंड दूर नेण्याचाही लाभ होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तोंड दीड मीटरवरून सहा मीटरवर गेले तर फरक १२ डेसिबलचा. परंतु नळी मागे नेताना ती ट्रकच्या अगदी शेवटापर्यंत न्यावी लागते. धावत्या वाहनाच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर ताडपत्रीखाली ओढला जातो. मागे माणसे बसणार असतील तर उभी नळीच बरी.

त्यानंतर केबिनची पाळी. पेडल, तारा व गिअरचे दांडे जेथून आत येतात त्या छिद्रांवरील रबर जुन्या ट्रकांत हमखास फाटलेले असते. भिंतीच्या एक टक्का क्षेत्रफळाची फट उघडी राहिली तर उरलेली भिंत कितीही जाड असो, ती २० डेसिबलपेक्षा अधिक आवाज अडवू शकत नाही. नवे रबर स्वस्त असते. महागड्या अस्तराआधी ते बदलणे शहाणपणाचे. इंजिनाकडील बाजूस लावावयाचे अस्तर आग न धरणारे आणि तेल न शोषणारे असावे. डिझेलने भिजलेला स्पंज तप्त नळीजवळ धोकादायक ठरतो.

एवढे करूनही अपेक्षाभंग होऊ शकतो. डेसिबलची बेरीज साधी नसते. एक्झॉस्ट आणि गिअरपेटी सारख्याच पातळीचा आवाज करीत असतील, तर एक्झॉस्ट पूर्ण गप्प केला तरी एकूण घट केवळ ३ डेसिबलची. खर्च करण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करता येतो. ट्रक मोकळ्या मैदानात उभा करावा, नळीच्या तोंडाला लवचिक धातूची लांब नळी जोडून धूर सहा-सात मीटर दूर सोडावा आणि इंजिन एकाच वेगावर ठेवून केबिनमधील फरक ऐकावा. फरक जाणवला नाही, तर दोषी एक्झॉस्ट नव्हे, इंजिनाचा स्वतःचा खडखडाट. चालत्या गाडीत गिअर आणि जाड खाचांच्या टायरांचा आवाज त्यात भर घालतो.

या ट्रकच्या टर्बोची कथा जरा निराळी. एका जातीच्या टर्बोतून तीव्र शीळ निघते, आणि तिच्यासाठीच तो टर्बो शोधणारे शौकीन आहेत. त्यांना आवाज कमी करावयाचा नसतोच; त्यांच्यासाठी कानात बोळे किंवा कान झाकणारी साधने हाच उपाय उरतो.