जुनी गाडी ‘टोटल लॉस’: कंपनी आकडा सांगते तेव्हा काय विचारायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा आकडे डोळ्यांसमोर हवेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. आजचा भाग आकड्यांचाच आहे, त्यामुळे वाचलेलं जास्त बरं.

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता कारखान्याच्या सीझनमध्ये रात्री ज्यांनी पार केलाय, त्यांना माहितीये. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दौंडकडच्या माझ्या मामांची अकरा वर्षं जुनी गाडी अशाच एका ट्रॉलीखाली घुसली. मामा सुखरूप आहेत, गाडीचं तोंड मात्र गेलं. कंपनीचा फोन आला, “गाडी टोटल लॉसमध्ये जाईल.” मामा म्हणाले, “गाडी गेली म्हणत्यात, मग पैसं द्या की!” इतकं सरळ असतं तर हा भाग करायची गरज नव्हती. कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण घरात इंजिनिअर मी. कॉम्प्युटरचा असलो म्हणून काय झालं!

सगळ्यात आधी पॉलिसी उघडा. फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीचे पैसे तुमची कंपनी देणार नाही. आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्या अशाच फिरतात. चूक समोरच्याची असेल आणि त्याच्या वाहनाचा विमा असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्याविरुद्ध नुकसानभरपाई मागता येते, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. सेकंड हँड गाडी घेऊन आरसी नावावर केली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तरी स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ आहे? मग आयडीव्ही बघा. गाडीची विम्यापुरती ठरवलेली किंमत म्हणजे आयडीव्ही. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. तिथून पुढे किंमत कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. म्हणजे रिन्यूअलच्या वेळी ॲपवर जो स्लायडर दिसतो ना, तो डावीकडे ओढून हप्त्यात थोडे पैसे वाचवले की टोटल लॉसची रक्कमही तितकीच खाली येते. एजंटने परस्पर खाली ओढला असेल तरीही.

मामांची आयडीव्ही होती २,००,००० रुपये. फोनवरचा माणूस म्हणाला, “पण मार्केटला दीड लाखच आहे.” कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा नावाचा नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात हाच प्रश्न हाताळला होता. विमा उतरवताना जी किंमत कंपनीने स्वतः मान्य केली, ती पैसे द्यायची वेळ आल्यावर तिला मनाला येईल तशी नाकारता येत नाही, असा त्याचा रोख आहे. पॉलिसीचं पहिलं पान आणि या निकालाचं नाव मी ईमेलवर टाकलं. बाजारभावाचा विषय परत निघाला नाही.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. नियम असा: गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस. एक साधा इफ-एल्स. सगळी गंमत ‘अटींच्या अधीन’ या शब्दांत आहे. गॅरेजचं एस्टिमेट म्हणजे हा खर्च नव्हे. सर्व्हेयर त्यातून पार्टचा घसारा वजा करतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी ५० टक्के. काचेला शून्य. धातूचे पार्ट गाडीच्या वयावर: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या वर ५०.

समजा एस्टिमेट २,१०,००० चं आहे. त्यात धातू ९०,०००, प्लास्टिक ६०,०००, काच १५,००० आणि मजुरी ४५,०००. (रंगाचा हिशेब वेगळा असतो, तो सध्या सोडून देऊ.) घसारा गेल्यावर उरले ४५,००० अधिक ३०,००० अधिक १५,००० अधिक ४५,०००, म्हणजे १,३५,०००. दोन लाखांचे ७५ टक्के होतात दीड लाख. म्हणजे दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, तरी कंपनी म्हणू शकते, “दुरुस्त करा.” वरचे ७५,००० आणि सक्तीचे १,००० तुमच्या खिशातून! जुन्या गाडीवाल्याची खरी अडचण इथे आहे. नवीन गाडीला हा कचाटा एवढा जाणवत नाही.

म्हणून गाडी पूर्ण खोलून तपासल्याशिवाय दुरुस्तीला होकार देऊ नका. बाहेरून बंपर-बोनेट दिसतं, आत रेडिएटर, एसी, क्रॉस मेंबर, चेसिस वाकलेलं असू शकतं. वरच्या हिशेबात धातूचे आणखी ४०,००० चे पार्ट निघाले, तर घसारा जाऊन २०,००० वाढतात, आकडा १,५५,००० होतो आणि रेषा ओलांडली जाते. मामांच्या गाडीत असंच आतलं नुकसान निघालं. सर्व्हेयरला ते दाखवा, फोटो काढा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. सर्व्हेयरचा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीप कुमार खटल्यात सांगितलंय. तुमच्याकडे वेगळा पुरावा असेल तर मांडता येतो.

टोटल लॉस ठरलं की दुसरा खेळ भंगाराचा. एकतर कंपनी गाडीचा सांगाडा घेते आणि तुम्हाला आयडीव्हीतून १,००० वजा करून देते (१,५०० सीसीच्या वर २,०००). नाहीतर सांगाडा तुमच्याकडे ठेवून त्याची किंमत वजा करते. मामांना दुसरा पर्याय आला, सांगाड्याची किंमत धरली ६२,०००. पाटसच्या भंगारवाल्याने बघून ४०,००० सांगितले. म्हणजे सही केली असती तर २२,००० बसल्या जागी गेले असते. असे आकडे ऑनलाइन बोलीतून येतात. मग मी एकच ओळ लिहिली: ‘६२,००० ची बोली ज्यांची आहे त्यांनीच गाडी न्यावी, आमची हरकत नाही.’ आठ दिवसांनी ट्रक आला आणि गाडी घेऊन गेला. खात्यात १,९९,००० जमा झाले. गाडीवर कर्ज असतं तर आधी बँकेचा वाटा गेला असता, ते लक्षात ठेवा.

हे सगळं ईमेलवर करा. फोनवर माणसं गोड बोलतात, पण फोनवरचं दाखवणार कसं? संमतीपत्र आलं की त्यात आयडीव्ही, वजावट आणि सांगाड्याची किंमत हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. नुसती शेवटची रक्कम असलेल्या कागदावर सही नको. ‘पूर्ण आणि अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर दबावाखाली सही घेतली असेल तर पुढे भांडता येतं, पण तो दबाव सिद्ध तुम्हाला करावा लागतो.

कंपनी ऐकतच नसेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबत विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, फोन १५५२५५. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो. माझ्या मते एवढ्या रकमेसाठी आधी लोकपालच बरा.

पैसे आले तरी एक काम राहतं आणि ते बहुतेक जण सोडून देतात. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. दौंडकरांसाठी आरटीओ म्हणजे बारामती, एमएच-४२. असा सांगाडा विकत घेऊन त्याचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवणारे लोक आहेत, आणि उद्या त्या नंबराची गाडी कुठे सापडली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. गाडी नेणाऱ्याकडून तारीख-वेळ टाकून ताबा पावती घ्या आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. मामांचा टॅग काचेवरच राहिला होता, तो मी ॲपवरून ट्रक फाटकाबाहेर पडायच्या आत बंद केला.