‘आरआयपी’ कुणासाठी आणि ‘कंडोलन्सेस’ कुणासाठी? इंग्रजीत सांत्वन करताना नेमकी इथेच गल्लत होते

सकाळी लॅपटॉप उघडताच मेल दिसतो. अमेरिकेतल्या क्लायंटकडचा मॅनेजर आठवडाभर रजेवर आहे, त्याची आई गेली. हिंजवडीत बसलेल्या टीमला काहीतरी लिहायचं असतं. पहिला जण चॅटवर ‘आरआयपी’ टाकतो. पाठोपाठ दहा जण तेच टाकतात. एरवी एका बगवर चार परिच्छेद लिहिणारी माणसं इथे तीन अक्षरांवर थांबतात.

यात व्याकरण चुकलेलं नाही, पत्ता चुकलाय. कारण ‘आरआयपी’ हे आईला उद्देशून आहे आणि ते वाचणार आहे मुलगा.

‘आरआयपी’ आलं कुठून?

‘रेक्विएस्कात इन पाचे’ या लॅटिन वाक्याची ही आद्याक्षरं. अर्थ, ‘त्याला/तिला शांती लाभो’. ही ख्रिस्ती प्रार्थनेतली ओळ थडग्यांवर कोरली जायची. इंग्रजीतल्या ‘रेस्ट इन पीस’ची आद्याक्षरंही तीच निघाली, त्यामुळे लॅटिन मागे पडलं तरी अक्षरं टिकली. म्हणजे हे मुळात गेलेल्या माणसाबद्दलचं मागणं आहे. एखादा नट किंवा क्रिकेटपटू गेल्यावर सोशल मीडियावर ते चालून जातं, कारण तिथे आपण घरच्यांशी बोलत नसतो. सहकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये मात्र ते कोरडं वाटतं. त्यातून समोरचा ज्यू, मुस्लिम किंवा कोणताच धर्म न मानणारा असेल, तर ते आणखी परकं.

आपल्याकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चंही हेच होतं. श्रद्धांजली गेलेल्याला, सांत्वन मागे राहिलेल्याचं. फॅमिली ग्रुपवर साठ श्रद्धांजली जमतात आणि ज्याचे वडील गेले त्याला ‘तू जेवलास का?’ असं एकानेही विचारलेलं नसतं.

‘कंडोलन्स’ हा शब्द मात्र जिवंत माणसासाठीच आहे. लॅटिन ‘कोन्दोलेरे’, म्हणजे ‘सोबत दुःख करणं’. म्हणून इंग्रजीत ‘कंडोल विथ’ म्हणतात. दुःख कुणासोबत, ते सांगावं लागतं. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत सर्रास दिसणारं ‘कंडोल्ड द डेथ’ भारतात रुळलंय, पण बाहेरच्या वाचकाला ते खटकू शकतं. संदेशात नेहमी अनेकवचन वापरा, ‘माय कंडोलन्सेस टू यू अँड युअर फॅमिली’.

‘सॉरी’ म्हणजे इथे माफी नाही

‘आय अॅम सॉरी फॉर युअर लॉस’ ऐकल्यावर ‘नो नो, इट्स ओके’ असं उत्तर देणारे कमी नाहीत. आपल्या डोक्यात ‘सॉरी’ म्हणजे चूक कबूल करणं आणि ‘लॉस’ म्हणजे धंद्यातला तोटा. इंग्रजीत मात्र ‘सॉरी’चा ‘मला वाईट वाटतंय’ हा अर्थही तितकाच रोजचा आहे. त्यावर साधं ‘थँक यू’ पुरतं.

आणखी दोन खड्डे. ‘हिज फादर एक्स्पायर्ड’ हे आपल्याकडे सभ्य वाटतं. हॉस्पिटलच्या कागदांवरही ते असतं. पण रोजच्या इंग्रजीत एक्स्पायर होतात ते पासपोर्ट आणि दूध. ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’ म्हणा. आणि ‘माय फादर इज लेट’ म्हटलं तर ते ट्रॅफिकमध्ये अडकलेत असा समज होईल. ‘माय लेट फादर’ असा क्रम हवा.

घाईत लिहिलेल्या शॉर्टफॉर्मबद्दल तर बोलायलाच नको. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन ‘एलओएल’चा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून मेसेजच्या शेवटी टाकायचे, हे 2012 मध्ये तिथल्या एका जाहीर चौकशीत साक्षीदाराने सांगितलं होतं. हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी रडणारा समजून शोकसंदेशात टाकणारे त्यांच्याच पंगतीतले.

अडचण फक्त इंग्रजीची नाही

मराठी घरात समाचाराला जातात, तेव्हा फारसं बोलायचं नसतं. जाऊन बसायचं असतं. शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात, गावाकडे कडू घास असतो. पूर्वी मृत्यूची बातमी कळवणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, वर ‘श्री’ नसायचं. वाचण्याआधीच कळायचं. आपल्याकडे हे काम पावलं, हात आणि कागदाचा कोपरा करत आले. सात समुद्रांपलीकडच्या माणसाजवळ जाऊन बसता येत नाही, सगळं लिहूनच पोचवावं लागतं. तिथे आपण अडतो.

अडतात इंग्रजी बोलणारेही. अब्राहम लिंकन यांच्या नावावरचं सगळ्यात गाजलेलं सांत्वनपत्र नोव्हेंबर 1864 मधलं, बॉस्टनच्या बिक्सबी नावाच्या विधवेला लिहिलेलं. यादवी युद्धात तिचे पाच मुलगे पडल्याचं राष्ट्राध्यक्षांना कळवलं गेलं होतं. प्रत्यक्षात लढाईत मारले गेल्याची खात्री दोघांचीच आहे. पत्र लिंकन यांनी लिहिलं की त्यांचे सचिव जॉन हे यांनी, यावरही वाद झाला. तरी पत्र टिकलं. त्यात सुरुवातीलाच कबुली आहे की एवढ्या मोठ्या दुःखापुढे माझे शब्द तोकडे आहेत. काय बोलावं सुचत नाही, हेही इंग्रजीत बोलून दाखवता येतं. ‘आय डोन्ट नो व्हॉट टू से, बट आय अॅम थिंकिंग ऑफ यू.’

मग लिहायचं काय?

त्या मॅनेजरला असं लिहिता येईल. ‘आय वॉज व्हेरी सॉरी टू हिअर अबाउट युअर मदर. आय रिमेंबर यू टेलिंग अस अबाउट हर गार्डन. आय विल टेक द थर्सडे कॉल. नो नीड टू रिप्लाय.’

चारच वाक्यं. दुसऱ्यात आई आहे, नुसता ‘लॉस’ नाही. ती आठवण खरी असेल तरच लिहा, नसेल तर ओळ गाळा. तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं. ‘लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग’ म्हटलं की मदत मागण्याचं कामही दुःखी माणसावरच पडतं. गुरुवारचा कॉल मी घेतो म्हटलं की तेवढं ओझं खरंच उतरतं. हे ऑफिसातलं पिठलं-भाकरीच म्हणा.

‘शी इज इन अ बेटर प्लेस’, ‘अॅट लीस्ट शी लिव्ह्ड अ लाँग लाइफ’, ‘आय नो हाउ यू फील’ ही वाक्यं टाळलेली बरी. ‘अॅट लीस्ट’ म्हणजे आपलं ‘निदान सुटली तरी’. घरचे म्हणू शकतात, बाहेरच्याने म्हणू नये.

तो कामावर परतला की पुढचा प्रश्न येतो. फेसबुकच्या तेव्हाच्या वरिष्ठ अधिकारी शेरिल सँडबर्ग यांचे पती मे 2015 मध्ये अचानक गेले. महिनाभराने लिहिलेल्या पोस्टमध्ये त्यांनी सांगितलं की ‘हाउ आर यू?’ हा प्रश्न त्यांना झेपत नव्हता, पण ‘हाउ आर यू टुडे?’ चालत होता. समोरच्याला माझं दुःख ठाऊक आहे आणि आज एवढा दिवस निभावणं हेच खूप आहे, हे त्या एका शब्दात येतं.

आणि संदेश पाठवायचा राहूनच गेला असेल, महिना उलटला असेल, तरी पाठवा. ‘आय ओन्ली जस्ट हर्ड’ किंवा ‘आय शुड हॅव रिटन सूनर’ अशी सुरुवात चालते. तोवर ‘आरआयपी’ थांबलेले असतात, इनबॉक्स रिकामा असतो.